मंदीतलं एलिव्हेशन

हुडकेश्वर, ९ एप्रिल, गुरुवार

धंदा बसला, म्हणून मुलाने नव्या घराचं एलिव्हेशनच, म्हणजे समोरची सगळी सजावट, रद्द केलं. गोल खांब नाहीत, काच नाही. समोर नुसती विटांची जाळी. रविवारी वास्तुपूजन, कामठीचे व्याही येणार. काय म्हणतील? दिवसभर तेच डोक्यात.

शेवटी सुनेला म्हटलं, "दोन खांब तरी लावा वं. घर उघडं दिसून राहिलं."

ती हसली. "मामाजी, त्या खांबांवर कशाचंच वजन येणार नव्हतं. नुसते दाखवायले होते. इथं बसून तर पाहा."

बसलो. ऊन जाळीबाहेर अडलं, वारा तेवढा आत आला. भिंतीवर उजेडाची नक्षी सरकत होती. किती देखणं! हातात पैसा असता तर काच लावून हे सगळं आपणच बंद केलं असतं ना?

व्याह्यांची खुर्ची जाळीपाशीच मांडायला सांगितली.