विझलेल्या डोंगराचं पाणी

३ मार्च
लातूर जिल्हा झाल्याचा पहिला फायदा. उस्मानाबादेत अडकलेला आमच्या भीमनगरचा बोअर मंजूर. एकच. मास्तर म्हणून जागा मीच दाखवायची. वरल्या आळीच्या विहिरीवर आमच्या बायकांनी घागर खाली धरायची, त्यांनी वरून ओतायचं. आई चाळीस वर्षं अशीच भरतेय. संपलं पाहिजे हे एकदाचं.

६ मार्च
शाळेच्या कपाटात भूगोलाचं जाड पुस्तक सापडलं. प्रशांत महासागरात कावाई बेट. विझलेल्या ज्वालामुखीचा डोंगर, पाणी खडकात मुरतं, पायथ्याशी झरेच झरे. खडक आपल्या गावच्या माळासारखाच काळा! उतारा वहीत उतरवला. बोअर माळाच्या पायथ्यालाच. ठरलं.

९ मार्च
सरपंचांनी शिरूर अनंतपाळहून जमिनीतलं पाणी दाखवणारा पाणाड्या आणला. तळहातावर नारळ आडवा धरून गावभर फिरला. नारळ उभा राहिला कुठं, तर सरपंचांच्या गोठ्यामागं. वा!
घरी आईला बेटाचं सांगितलं. म्हणाली, "तितं पाऊस पडतो का रं?" म्हटलं, शास्त्र आहे हे, तुला नाही कळायचं. उगाच चिडलो.

१४ मार्च
बोअरची गाडी आली. माळाच्या पायथ्याला दोनशे फूट. नुसता फुफाटा. ओलसुद्धा नाही. बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघवेना.
सरपंच म्हणाले, "मास्तर, गाडी आलीच हाय तर नारळाची जागा बघू की." बघितली. दीडशेला पाणी. मंजुरी आमची, पाणी त्यांचं. कोरडी जागा माझी. कोणत्या तोंडानं बोलणार?

१५ मार्च
पुस्तक पुन्हा काढलं. उतारा सोडला होता तिथून पान उलटलं. पहिलीच ओळ: या डोंगरावर जवळजवळ रोज पाऊस पडतो.
गाढव आहे मी. आईला अक्षर येत नाही, तरी तिनं नेमकं तेवढंच विचारलं होतं.

२१ मार्च
हापसा बसला. सरकारी. तरी सरपंचांची सून हापसते, ओतते. आमच्या बायकांनी दांड्याला हात लावायचा नाही.
लातूरला तक्रारीचा अर्ज लिहायला बसलो. 'पहिली जागा अमुक यांनी दाखवली' इथं आलो, अमुकच्या जागी माझंच नाव, आणि पेन ठेवलं. पुढं...
बायकोनं हापशावरून घागर आणली. आई म्हणाली, "चाळीस साल पिले त्यायच्या हातचं. आता न्हाई."
संध्याकाळ झाली. तिनं घोटही घेतलेला नाही. मी दोन तांबे प्यालो.