नीलगिरी नव्हे, वाळुंज

५ नोव्हें., बुध.
सोसायटीच्या मीटिंगमधून आत्ताच आले. डोकं फिरलंय. तळ्याकडच्या कुंपणालगतचं झाड 'वाळकी नीलगिरी' म्हणून तोडणार. सेक्रेटरी रघुरामनी मोबाइल नाचवला, ॲपनं फोटो बघून सांगितलं म्हणे. मी जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण विचारायचं ॲपला! आणि अध्यक्ष कोण, तर अण्णा. माझा सख्खा भाऊ. हूं नाही की चूं नाही.

६ नोव्हें.
सकाळी जाऊन नीट पाहिलं. वाळुंजच, पाण्याकाठचं आपलं देशी झाड. पान अरुंद, कडेला बारीक दाते, खालून पांढुरकं. नीलगिरीला दाते कुठले? साल उभी भेगाळलेली. नीलगिरीची सोलून पडते. आणि वाळकं कसलं? पावसाळा सरला की हे पानं गाळतंच.

८ नोव्हें., शनि.
पान चुरडून रघुरामच्या नाकाशी धरलं. "वास येतो?"
"स्वल्प येतो, मॅडम."
डोंबल येतो! नीलगिरीचं असतं तर हात घमघमला असता. वर आपल्या कानडीत बरं बरं करतो, "सरी, सरी, नंतर बोलू."

११ नोव्हें.
अण्णा चहाला आला. डहाळी पुढ्यात ठेवली. त्यानं पान आपणहून उलटं करून बघितलं. लहानपणी बाबा आम्हा दोघांना असंच दाखवायचे.
"वाळुंज आहे, सुमे. मला माहीत होतं."
"मग बोलला का नाहीस?"
"नीलगिरी म्हटलं की परवानगीची कटकट नाही. लोकांना पार्किंगला जागा हवीय."
म्हणजे चूक कुणाचीच होत नव्हती, सगळं जाणूनबुजून! आणि मी येडी घरोघर पानं दाखवत फिरतेय. चहा तसाच ठेवून त्याला जा म्हटलं.

१३ नोव्हें.
महापालिकेच्या झाडांच्या ऑफिसात फोनवर तक्रार केली. अध्यक्षांचं नाव विचारलं. सांगितलं. माणूस पाठवतो म्हणाले. वहिनींचा फोन, "भावावरच तक्रार?" हो. भावावरच. नंतर जेवण गेलं नाही, ते वेगळं.

१७ नोव्हें., सोम.
करवतवाले आले. बुंध्याशी जाऊन उभी राहिले. रघुराम अण्णाला घेऊन आला. "सर, तुम्हीच सांगा, नीलगिरीच ना?" अण्णानं वर बघितलं. उघड्या फांद्यांवर वाळुंजाचे केसाळ तुरे फुटलेत, आंधळ्यालाही कळावं. म्हणतो, "मला नको, तिला विचारा."
एक शब्द! तेवढाही तोंडातून निघेना!
ऑफिसातलं कुणी आलेलं नाही. करवतवाले टेम्पोत बसून. मी इथेच, बुंध्याला टेकून लिहितेय. अण्णा गेटपाशी. घरीही जात नाही, इकडेही येत नाही.