मागच्या भिंतीतलं दार

बाबा, मागच्या भिंतीतलं दार काल काढलं. दादाच्या मुलाला तिकडे स्लॅबच्या खोल्या बांधायच्या आहेत, आणि मीच हो म्हटलं. मजुरांनी चौकटीला सब्बल लावली तेव्हा मी पुढच्या सपरीत, ओसरीवर, खुर्ची टाकून बसले होते. उठून बघावंसं वाटलं नाही. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता सात वर्षांनी मोठी आहे, आणि हल्ली मला कशासाठीच उठावंसं वाटत नाही. पण दाराचं तुम्हाला कळवायला हवं असं सकाळपासून वाटतंय, म्हणून लिहायला बसले.

सत्त्याहत्तरचा उन्हाळा. तुम्ही तहसील कचेरीतून नुकतेच रिटायर झालेले, आणि मी तुमसरहून पत्र्याची पेटी घेऊन परत आले त्याला सहा महिने झालेले. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली होती. सासू म्हणाली, तूही राहा, तुला कोण नाही म्हणतं. मी राहिले नाही. मोहाडीला येऊन मागच्या खोलीत, धानाच्या पोत्यांशेजारी बाज टाकली. त्या खोलीतून बाहेर पडायचं तर वहिनीच्या स्वयंपाकघरातूनच जावं लागे. वहिनी वाईट नव्हती. पण मी दिसले की ती चुलीपुढून मान वर करी, आणि तिनं न विचारताच मी सांगे, विहिरीवर जाते, देवळात जाते, बाजारात जाते. असं सांगून सांगून मला इतका कंटाळा आला की मी बाहेर जाणंच सोडलं. दिवसभर पेपर वाचत बसणाऱ्या तुमच्या हे लक्षात आलं असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

एक दिवस सकाळी तुम्ही मागच्या भिंतीवर कोळशानं चौकोन काढलात. दादा शेतावरून आला आणि उभाच राहिला.

"बाबा, हे काय करून राहिले?"

"दार."

"मागून दार कायले पायजे?"

"तिले यायले-जायले."

दादा हळूच म्हणाला, "म्हणजे ते आता कायमचीच आली का?"

मी आत पोत्यांमागे उभी राहून तुमच्या उत्तराची वाट पाहत होते, आणि माझ्या कानावर आला तो सब्बलीचा पहिला घाव.

सुतार एकदा येऊन बघून गेला. तुमसरच्या मिलमध्ये काम लागलंय, दोन महिने जमणार नाही म्हणाला. पण आपली जुनी करवत, रंधा आणि पटाशी तुमच्याजवळ ठेवून गेला. आयुष्यभर टाक आणि पेन धरलेले तुमचे हात. पडलेल्या गोठ्याच्या ऐनाच्या बल्ल्या तुम्ही ओढत आणल्या, त्यांतले गंजके खिळे एकेक करून उपटले. ऐनाचं लाकूड दगडासारखं. रंधा दोन वीत जाई आणि अडके. येणारेजाणारे कुंपणाशी थांबून सल्ले देत, आणि तुम्ही प्रत्येकाला "हो, हो" म्हणत.

भिंत मात्र तुम्हाला कळली नव्हती. वरच्या मातीला टेकू न देताच तुम्ही खालून पोखरत गेलात. चौथ्या दिवशी दुपारी वरचा भाग घसरला. धूळ खाली बसली तेव्हा तुम्ही ढिगाऱ्यात बसलेले होतात, उजवा हात डाव्या हातात धरून, आणि चेहऱ्यावर चूक सापडलेल्या कारकुनाची लाज. दादा धावत आला. मला वाटलं, आता तो बोलणार. पण आधी त्यानं तुम्हाला उचललं, आणि भंडाऱ्याहून प्लास्टर करून आणल्यावर दोन बल्ल्या आणून छपराला टेकू दिले. आढ्याला हात लावून बघितलं, आणि मला म्हणाला, "आता पडत नाही. करा काय करायचं ते."

तिथून पुढचं सुतारकाम माझ्यावर आलं. तुम्ही गळ्यात हात बांधून बाजेवर बसायचे आणि सांगायचे, मी करायची. उभ्या लाकडाच्या टोकाला कुसू काढायचं, आडव्या लाकडात त्याच मापाचं भोक पाडायचं, आणि एकात एक बसवायचं. सांगायला एवढंच. माझ्या तळहातांना फोड आले, ते फुटले, त्यावर पुन्हा आले. मी हळद लावून चिंधी बांधायची आणि पुन्हा पटाशी धरायची. एका दुपारी माझं भोक रेघेच्या बाहेर गेलं. बोटभर नाही, नखभर.

"रेघ कायले मारली मंग?" तुम्ही ओरडलात. "दिसत नाही का तुले?"

मी पटाशी फेकली. "मी म्हटलं होतं का तुमाले दार करा म्हणून? आख्खं गाव हसून राहिलं. मले नाही पायजे तुमचं दार!"

वहिनी दारात आली आणि तशीच मागे वळली. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुह्या सोयरिकीच्या वक्ती मी त्यायच्या घरी गेलतो. धानाची कोठी पाह्यली, दुकान पाह्यलं. माणसं पाह्याची राहून गेली." आणि थोड्या वेळानं, "माही चूक हाय ते. आता हे तरी नीट होऊ दे."

बाबा, मी तेव्हा उत्तर द्यायला हवं होतं. तुमची चूक नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी खाली वाकले, पटाशी उचलली आणि चुकलेल्या भोकात बसवायला लाकडाची पाचर तासू लागले. तुम्ही ती पाचर हातात घेऊन बघितलीत आणि म्हणालात, "जमते तुले." पाठवणीच्या वेळी रडला नव्हतात तुम्ही; त्या दिवशी डोळे पुसलेत आणि धुळीवर ढकललंत.

पावसाच्या आधी दार लागलं. चौकट किंचित कललेली होती, दार आपोआप उघडायचं, म्हणून मी आतून दगड लावायची. त्या दारातून मी भंडाऱ्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेले, त्यातूनच तीस वर्षं शाळेत गेले. दादानं नंतर मला कधी काही विचारलं नाही. उलट खालच्या फळ्या कुजल्या तेव्हा तोच म्हणाला, सुतार कशाला, तूच कर. मी केल्या. दोनदा बदलल्या. तुम्ही गेल्यावर छपराचे कवेलू उतरवून पुन्हा फेरण्याचं, बिजागऱ्या बसवण्याचं, भिंत लिंपण्याचं काम घरात माझंच झालं. लोकांना कौतुक होतं. मला कौतुक नको होतं, कधीतरी दुसऱ्या कुणी करावं एवढंच वाटायचं.

तुम्ही येईल त्याला सांगायचे, "माही पोरगी पक्की हाय. एकदा निघाली ते पलटून पाह्यलं नाही." ते ऐकताना मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत जायची. त्याचं कारण आज लिहिते. दार लागलं त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, तुमसरचा एक माणूस मला गाठून निरोप सांगून गेला. ती बाई निघून गेली आहे, नवरा म्हणतो ये. दुसऱ्या दिवशी तुम्ही झोपला होतात, आणि मी नव्या दारानं बाहेर पडून बसथांब्यावर गेले. तिथे चिंचेखाली बसले. तुमसरची बस आली, थांबली. कंडक्टरनं विचारलंसुद्धा, "येता का बाई?" मला जायचं होतं, बाबा. खरंच जायचं होतं. पण दोन महिने लाकूड तासून अंग असं मोडून आलं होतं की माझ्यानं उठवलंच नाही. बस गेली. मी घरी येऊन झोपले. पक्की वगैरे मी कधीच नव्हते. त्या दिवशी मी फक्त दमले होते.