वसंताच्या पाटीवरचा शब्द

नागपूर, गुरुवार, १९७४

सरकारनं साबण कंपनीची मक्तेदारी मोडली. आता कंपनीला शहरात एकच विक्रेता ठेवता येत नाही. आज इतवारी बाजारात, माझ्या दुकानासमोरच्या वसंताच्या दुकानावर पेंटर चढला आणि 'एकमेव विक्रेते' मधलं 'एकमेव' पांढऱ्या रंगानं पुसलं. किती वर्षं त्या शब्दानं माझा जीव जाळला! डोळे भरून पाहिलं.

वसंतानंच हाक मारली, "ये गा, चहा घे. आता तूही एजन्सी घे." त्याले राग काहून नाही?

घरी बायको म्हणाली, "एजन्सी मिळून राहिली, मंग तोंड काहून पाडून बसले?"

काय सांगू तिले? आता ती कोणालेही मिळते. माझ्या पाटीवर 'विक्रेते'च्या आधी एका शब्दाची जागा मी कधीची मोकळी ठेवली आहे.