उजव्या डोळ्याचा दावा

चि. धाकटीस ताईचे अनेक आशीर्वाद.

माझी हिशेबाची वही आणि मोजे पोचले. टपालाला एकशे चाळीस घातलेस. मोजे नसते तर साठात भागलं असतं.

इथल्या इस्पितळातल्या संशोधक बाईंनी वही भिंगाखाली धरली. गेल्या महिन्याच्या पाच तारखेपासून माझे आकडे ओळ सोडून चाललेत, आणि काळी समजून मी लाल शाई वापरली आहे. त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्या शरीरात कुंपणच शेत खातंय, रोगापासून राखणारी शक्तीच उलटली आहे. त्याने डोळ्याची नस खाल्ली. तेव्हाच इंजेक्शनं मिळाली असती, तर उजवा डोळा वाचला असता." डावा रोज तपासतात. आईला सांगू नकोस. तिचा गुडघा कसा आहे?

आपल्या डॉक्टरांनी मला तीनदा परत पाठवलं. "डोळ्यात काही नाही काकू, मनात आहे," म्हणून हसले होते. देवाला सांगून ठेवलंय, क्षमेचं नंतर बघू.

सोबत बाईंच्या सहीचा अहवाल आहे. दवाखाना भरलेला असताना जा आणि सगळ्यांदेखत डॉक्टरांनाच मोठ्याने वाचायला लाव. चष्मा घरी राहिला म्हणाले, तर तुझा दे.

कुठल्या ओळीवर त्यांचा आवाज बसला, ते उलट टपाली कळव.

तुझी ताई