एका दिवसाची हजेरी

शेठ, तुम्हाला मरून सहा वर्षं झाली. लोक ‘वारले’ म्हणतात, मी म्हणणार नाही. तुम्ही मेलात आणि माझ्या बहिणीचा दावाही संपला. वकिलांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, “शरीरावर केलेल्या अत्याचाराची भरपाई मागणारा दावा प्रतिवादीबरोबरच जातो. त्याच्या मुलांवर चालवता येत नाही.” बहिणीने विचारलं, “म्हंजे झालंच न्हाय?” ते म्हणाले, “झालं की नाही, हे आता कोणी तपासणार नाही, बाई.”

तुमच्या लूमच्या कारखान्यात ती सुताच्या कांड्या भरायची आणि मी हजेरी लिहायचो. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला तुम्ही खुर्ची दिलीत, शाईचं पेन दिलंत. लूमवरच्या चौघांना बोलावून माझा तक्ता दाखवलात, “देखो रे, छापल्यासारखं हाय ना?” तेव्हा मी फुगलो होतो, हे आठवलं की आता स्वतःची किळस येते. एकदा उशिरा आलेल्याला मी वेळेवर लिहिलं, तर सगळ्यांसमोर तक्ता माझ्या तोंडावर फेकलात. “हजेरीत दया न्हाय. जे हाय तेच लिहायचं.” मी ते मनावर घेतलं होतं.

तो गुरुवार. सकाळीच तुम्ही मला घरी बोलावलंय. स्वयंपाकघराच्या दारात पाट मांडलाय, तुमच्या बायकोने चहा ठेवलाय. तुम्ही कोरा तक्ता पुढे सरकवता. “काल तुझी बहीण आली नव्हती. महिन्याचा तक्ता नवा लिही, खाडाखोड नको.” मी म्हणतो, “शेठ, आली होती. माझ्याबरोबरच आली.” “ताप आलाय ना तिला? मग आली नव्हती. चाय पी, थंडी होतेय.” ती खरंच अंजूरला घरी पांघरूण घेऊन पडली होती, कोणाशी बोलत नव्हती. मला वाटलं, तुम्हाला तिचा रोज कापायचा असेल. मी घाबरट आहे हे तुम्ही ओळखून होतात. मी सगळी नावं पुन्हा उतरवली, एकाच्या उशिराची खूणसुद्धा जागच्या जागी ठेवली आणि तिच्या नावापुढे फुली मारली. संध्याकाळी तिने आईला सांगितलं. आदल्या दिवशी कारखान्याच्या मागच्या खोलीत, सुताच्या गाठोड्यांमध्ये, तुम्ही तिच्यावर जबरदस्ती केली होतीत.

फौजदाराने तक्रार घेतली नाही. “तू तर त्या दिवशी कामावरच नव्हतीस,” म्हणाला. तुमचा तक्ता आमच्याआधी चौकीत पोचला होता. मग वकील म्हणाले, “फौजदारीला पोलीस लागतात, दिवाणी दाव्याला तू पुरेशी आहेस.” आई रडत होती, “पोरी, नाव जाईल गो.” बहीण म्हणाली, “त्याचं जाऊ दे की.” तिला पैसे नको होते. तिला एवढंच हवं होतं की, ती त्या दिवशी तिथे होती आणि तुम्ही ते केलंत, असं कोर्टाने लिहावं.

कोर्टात तुमच्या वकिलाने तक्ता वर धरला. “हे अक्षर वादीच्या सख्ख्या भावाचं. भाऊ बहिणीविरुद्ध खोटं लिहील?” तुम्ही रुमालाआड हसलात. मी पाहिलं. पुढची तारीख माझ्या साक्षीची पडली. आमच्या वकिलांनी मला बाजूला घेतलं, “खरं सांगितलंस, तर खोटा कागद केल्याचं तुझ्यावरही येऊ शकतं.” घरी बहिणीने विचारलं, “दादा, तू सांगशील ना?” मी म्हणालो, “सांगेन.” साक्षीच्या चार दिवस आधी, कारखान्यातच छातीत कळ येऊन, तुम्ही सुटलात.

ती आता राहनाळला शिवणकाम करते. परवा मशीन थांबवून म्हणाली, “तुझी साक्ष झाली असती ना दादा, तर कोर्टाच्या कागदात तरी ऱ्हायलं असतं.” मी तिला सुईत दोरा ओवून दिला. पुढचं खरं तर तिला लिहायला हवं, पण तिला वाचता येतं. म्हणून तुम्हाला. तारीख पडल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. तुम्ही मेल्याचं धामणकर नाक्यावर कळलं, तिथेच उभं राहून मी तीन वडे खाल्ले. चौथाही मागितला. मग तोंड पुसून घरी गेलो आणि बहिणीला बातमी सांगितली.