तुम्हीच, उस्ताद

१४ जून

चि. बारक्या,

आशीर्वाद. थोरल्यानं धाकट्याला ते द्यायचेच असतात, म्हणून दिले. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, दुकान चालतंय, माझी तब्येत बरी. तुझी तर उत्तमच दिसते. थोडा सुटलायस.

हे पत्र घेऊन आलेला पोरगा आता तुझ्यासमोर उभा असेल. त्याला आधी बसायला सांग, पत्र लांब आहे. तुझ्या व्हिडिओंखाली ‘छोटी कैची’ या नावानं लिहितो, तो हाच. वर्षभर हाताखाली शिकायला दोन पोरं घेतोय म्हणालास, त्याला निवडलंस आणि पालकांची चिठ्ठी घेऊन ये म्हणून कळवलंस. ही ती चिठ्ठी. पोरगा माझा आहे. तू घर सोडलंस तेव्हा रांगत होता, तुझ्या चपला तोंडात घालायचा. तू त्याचा कोण लागतोस हे त्याला माहीत नाही, कारण मी सांगितलेलं नाही. पाकीट डिंकानं चिकटवून त्याच्या हातात देणार आहे. आत हो आहे की नाही, ते त्याला कळणार नाही. खरं सांगायचं तर अजून माझंही ठरलेलं नाही.

उस्ताद म्हणे. इथं तू बारक्या होतास. गिऱ्हाइकाच्या कानाला कैची लागली की खुर्चीमागे लपायचास आणि शिव्या मी खायचो. आता लाखभर लोक तुला उस्ताद म्हणतात. म्हणोत बापडे.

हल्ली दुकानात तरुण पोरं येतात ती फोन पुढे करतच. कुणाचं तरी डोकं दाखवतात आणि म्हणतात, असं करा. मी म्हणतो, बाबा रे, डोकं त्याचं आणि केस तुझे, जमायचं कसं? मग खुर्चीत बसून मान खाली घालून फोन बघत राहतात आणि मागची रेष वाकडी आली की मला बोलतात. माझं रत्नही त्यातलंच. शाळेतून सुटला की माझ्या खुर्चीपासून दोन हातांवर बाकड्यावर बसायचा आणि कानात बोंडं घालून तुला बघायचा. मी इथं जिवंत माणसाचे केस कापतोय आणि हा फोनमधल्या माणसाचे बघतोय. हाक मारली तर ‘हं’. त्या ‘हं’चा अर्थ हो की नाही, ते तो उठेपर्यंत कळायचं नाही.

एकदा जेवताना म्हणाला, “बाबा, एक सांगू? केस नंतर बघायचे. आधी डोकं बघायचं.”

“कोण म्हणालं?”

“उस्ताद.”

बारक्या, हे वाक्य माझं आहे, आणि त्यावरूनच उस्ताद म्हणजे तू हे मला कळलं. मागच्या खुर्चीवर बसवून, रिकामी कैची हवेत चालवायला लावून मी ते तुझ्या डोक्यात घातलं होतं. पोरालाही कितीदा तरी सांगितलं, तेव्हा जांभया देत होता. आता मलाच शिकवत होता. मी पाणी प्यायलो आणि “बरं” म्हटलं. तुझी वहिनी ताटात बघून हसत होती. घरात तो बोंडं काढून बघायचा, तिनं तुझा आवाज पहिल्याच दिवशी ओळखला होता, पण तोंडाला कुलूप लावून मजा बघत होती.

माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. लपवत नाही. तुझ्या व्हिडिओंना उलटा अंगठा देणाऱ्यांत एक मी आहे. दुकानातल्या इंटरनेटची वायर काढून टाकली आणि बिघडलंय म्हणून सांगितलं. तर पोरगा समोरच्या फोटो स्टुडिओच्या पायरीवर जाऊन बसला, तिथं त्यांचं नेट पकडतं म्हणे. भर उन्हात. शेवटी तुझ्या वहिनीनंच येऊन वायर जोडली. म्हणाली, “भावावर जळायचं तर खुशाल जळा, पोराला कशाला भाजता?”

मग त्यानं स्वतःचा व्हिडिओ टाकला. मी दुकानात नसताना माझ्याच खुर्चीत मित्राचे केस कापले होते. पहिला दिवस नुसता फोन उघडायचा आणि बंद करायचा, किती जणांनी बघितलं म्हणून. दुसऱ्या दिवशी कुणीतरी खाली लिहिलं, ‘बकरी चरून गेली काय?’ आणि त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. त्यातलं एकही माणूस ओळखीचं नाही. पण पोरगा मागच्या खोलीत गेला, आतून कडी लावली आणि दोन दिवस बाहेर आला नाही. शाळा नाही, आंघोळ नाही. दाराशी ताट ठेवायचं आणि तसंच उचलायचं. मी घाबरलो होतो रे. हल्ली पोरांचं काय काय ऐकू येतं. दुकान बंद ठेवून दाराबाहेर स्टूल टाकून बसलो. तो व्हिडिओ मी बघितला होता, काम खरंच नेटकं होतं. तसं दारातून सांगितलंही. आतून म्हणाला, “तुम्ही बाबा आहात. तुम्ही असंच म्हणणार.”

सगळा जन्म ज्या कामात घालवला, त्यातली माझी पारख पोराला चालेना, का तर मी त्याचा बाप. माझ्या जागी कुणी परका दाराशी बसला असता तर त्याचं ऐकलं असतं.

आणि तसंच झालं. संध्याकाळी कडी निघाली. बाहेर आला, आंघोळ केली, आईला हाक मारून वाढायला सांगितलं आणि तिघांचं एकटा जेवला. तू लिहिलं होतंस, ‘मागची रेष सुरेख. हात कुणी घडवला?’ बस, एवढंच. मला दोन दिवस दाराशी बसून जमलं नाही, ते तू कुठंतरी चहा पीत एका अंगठ्यानं केलंस. तुझे उपकार मानायला हवेत. मानतो. पण त्या दिवशी तू समोर असतास तर तुझी दाढी मी कोरडीच केली असती.

त्यानं तुला काय उत्तर दिलं, ते दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर बघितलं. ‘तुम्हीच, उस्ताद.’

तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होतो. लावतच राहिलो. तो म्हणाला, “अहो, नाकातही घालणार की काय?”

पोराचा हात बघितलायस का नीट? कैची चालवताना अंगठाच तेवढा हलतो, बाकीची बोटं गप्प असतात. व्हिडिओ बघून ते येत नाही. त्यासाठी कुणाला तरी मागे उभं राहून ती बोटं धरून ठेवावी लागतात. ती मी धरली. तुझीही मीच धरली होती. पण तो लिहितो ‘तुम्हीच’, आणि तू खाली बदाम टाकतोस.

आता न सांगण्यासारखं सांगतो. तुझे सगळे व्हिडिओ मी बघितलेत. बाथरूममध्ये, आवाज बंद करून. तू गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी वळवतोस, ते माझं. कंगवा दातात धरतोस, तेही माझं, आणि ती घाणेरडी सवय आहे, सोडून दे. पण मानेपासून वर मशीन नेताना केस जसे हळूहळू दाट करत नेतोस, ते माझं नाही. ते तू स्वतः कमावलंस. मी गुपचूप आमच्या वायरमनच्या डोक्यावर करून बघितलं. छान जमलं. पुढच्या आठवड्यात तो मेव्हण्याला घेऊन आला. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी दिवसभर सगळ्यांवर खेकसत होतो. तू माझ्यापुढे गेलायस, बारक्या. हे एकदाच लिहितोय, पुन्हा विचारू नकोस.

काल त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, “इथंच माझ्याकडे शिकलास तर?”

म्हणाला, “शिकेन की. तुम्ही म्हणाल तसं.” आणि हातातला फोन पालथा करून ठेवला.

इतक्या शहाण्यासारखा तो माझ्याशी कधी बोललेला नाही. भांडला असता, आदळआपट केली असती, तर मला ‘नाही’ लिहिणं सोपं गेलं असतं. त्या पालथ्या फोनकडे बघून मला जेवण गेलं नाही. म्हणून लिहितो. हो. ठेवून घे त्याला.

तू काका आहेस हे तूच सांग, माझ्या तोंडून ते निघायचं नाही. तुझा हात कुणी घडवला, तेही सांग. त्यानं विचारलं नाही तरी सांग. मी काही संत नाही. त्यानं आजवर तुला व्हिडिओतच बघितलंय, हवा तिथं कापलेला, गाणं लावलेला. आता सबंध बघू दे. तू चिडतोस, जेवल्यावर पेंगतोस, घोरतोस, सगळं. थोडासा कमी आवडलास तर मला बरं वाटेल.

त्याच्याविषयी कुणी वेडंवाकडं लिहिलं तर तो जेवत नाही. अशा वेळी त्याला दार लावून बसू देऊ नकोस. तुझं ऐकेल.

आणखी एक. त्याला काय हवं ते शिकव, पण त्याच्या डोक्याला हात लावू नकोस. जावळ काढल्यापासून त्याचे केस दुसऱ्या कुणी कापलेले नाहीत. आज सकाळी, बॅग भरण्याआधी, त्याला खुर्चीत बसवलं. फोन खिशात ठेव म्हटलं तर ठेवला, आणि सगळा वेळ आरशातून माझ्या हातांकडे बघत राहिला. मी जितका वेळ लावता येईल तितका लावला. केस वाढले की त्याला घरी पाठव.

त्याचा बाप,
आणि मग तुझा दादा